रंग तू बघ

आमच्या घरात शिवणयंत्र अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, होतं आणि शिवायचे आप्पा. अव्वाला ते लग्नात मिळालेलं, अक्कलकोटच्या पलीकडच्या तिच्या माहेराहून बैलगाडीत घालून आणलेलं. पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की तिचं डोकं दुखायला लागे. पोलकं उसवलं तर ती शेजारणीकडे द्यायची आणि वर वाटीभर शेंगाचटणी पाठवायची. यंत्र आपलं खिडकीखाली उभं असायचं, त्याच्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर रेडिओ. आम्ही सोलापुरात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मागच्या भिंतीपलीकडे यार्ड होतं आणि तिथे दिवसभर डबे जोडण्या-तोडण्याचं काम चाले. एक डबा दुसऱ्यावर आदळला की आमच्या मांडणीतली पितळी भांडी हलकेच वाजायची. पाहुणे दचकायचे. आम्हाला ते ऐकूही येत नसे.

आप्पा गार्ड होते. पुण्याकडची पॅसेंजर घेऊन जायचे, तिकडे विश्रांती घ्यायचे आणि परतीची गाडी घेऊन यायचे. मूळचे करमाळ्याकडचे, शेतकरी घरातले. मॅट्रिक होऊन रेल्वेत चिकटलेले. मी आठवीत असताना त्यांना छातीचं दुखणं झालं आणि ते पाच महिने घरी बसले. फिरतीची सवय असलेल्या माणसाला दोन खोल्यांत बसवलं की काय होतं ते आम्ही तेव्हा पाहिलं. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातली सगळी कुलपं उघडून साफ केली. दुसऱ्या महिन्यात त्यांची नजर शिवणयंत्राकडे गेली. रेडिओ खाली उतरवून त्यांनी यंत्राला तेल घातलं, पट्टा बदलला आणि उशीचे अभ्रे शिवले. मग आणखी अभ्रे शिवले. शेवटी अव्वा म्हणाली की घरात आता उशांपेक्षा अभ्रे जास्त झालेत.

त्याच सुमाराला रेडिओवर ऐतिहासिक नाटकं लागायची. तलवारींचा खणखणाट, घोड्यांच्या टापा, कुणी तरी महाराजांना मुजरा करून खलिता देतो आहे. आप्पा कानात प्राण आणून ऐकायचे, आणि नाटक संपलं की म्हणायचे, "पर ह्यानं घातलंय काय, ते कळंना." कोण जिंकलं, कोण हरलं यापेक्षा त्यांना तीच रुखरुख लागून राही. पुढे गावच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी बाराबंद्या, म्हणजे बंदांनी बांधायचे अंगरखे, शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे ते जाऊन बसायला लागले आणि बारा बंद कुठे कुठे बसतात, काखेत कळी का लावायची, हे शिकून आले. घरी येऊन माझ्या मापाची एक छोटी बाराबंदी त्यांनी शिवली. ती घालून मी खाटेवर उभी राहिले तेव्हा ते दोन पावलं मागे सरून माझ्याकडे असे बघत राहिले, की मीच कुठली तरी मोहीम फत्ते करून आले आहे. दुखणं सुरू झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर तसं तेज मी पाहिलं नव्हतं. म्हणून असेल, पण अव्वा त्या छंदाला नावं ठेवत राहिली आणि आपल्या जुन्या इरकली लुगड्यांचे काठ मात्र गुपचूप यंत्राशेजारी आणून ठेवत राहिली.

पाच महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना कामावर जायची परवानगी दिली. गोळ्या मात्र पुढेही बरेच महिने घ्यायच्या होत्या. सकाळी चहाच्या आधी ते तळहातावर गोळ्या ओळीने मांडायचे आणि एकेक करून गिळायचे. पुन्हा पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि तिथे त्यांना टीव्ही सापडला. त्यांचे एक निवृत्त झालेले सहकारी, कदममामा, पुण्याला स्टेशनमागे राहायचे. त्यांच्या मुलाने टीव्ही घेतला होता. गल्लीतले वीस-पंचवीस लोक संध्याकाळी त्यांच्या घरात सतरंजीवर दाटीवाटीने बसत. आठवड्यातून एखाद्या वेळी नाटक लागे, आणि त्यातलं एखादं ऐतिहासिक निघे. विश्रांतीची वेळ आणि नाटकाची वेळ जुळावी म्हणून आप्पा सहकाऱ्यांशी फेऱ्यांची अदलाबदल करायला लागले. आजवर जे ते नुसतं ऐकत आले होते, ते आता समोर चालता-बोलताना दिसत होतं. हातात पेन्सिल आणि जुन्या वेळापत्रकाची कोरी पाठ घेऊन ते पहिल्या रांगेत बसायचे. कदममामा एकदा सोलापूरला आले तेव्हा हसत सांगत होते, की सगळे लोक राणीच्या मरणावर रडत असतात आणि तुमचे आप्पा तिच्या बाहीच्या चुण्या मोजत असतात.

ते परत यायचे त्या दिवशी आमच्याकडे सणासारखं वाटायचं. अव्वा धपाटे करायची, सोबत दही आणि शेंगाचटणी. आप्पा अंघोळ करून बसले की नाटक सुरू. ते सगळ्यांची सोंगं करून दाखवायचे, सरदाराची, कारकुनाची, पहारेकऱ्याची. मध्येच थांबून तक्रार करायचे. एका सेनापतीच्या अंगरख्याला चक्क शर्टाची बटणं होती. एका मावळ्याच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला दिसत होता. या गोष्टींनी ते खरोखर दुखावले जायचे. मग वेळापत्रकाचे कागद जमिनीवर पसरले जायचे आणि त्यावरून बेतणं सुरू व्हायचं. मी टीव्ही प्रत्यक्ष पाहिला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि खरं सांगायचं तर माझा थोडा विरस झाला. आप्पांनी केलेली सोंगं जास्त चांगली होती.

टीव्हीतलं सगळं राखाडी. तेव्हा अंगरख्याचा रंग कोणता, पगडीचा कोणता, हे आम्हालाच ठरवावं लागे. सुरुवातीला आप्पाच ठरवायचे. मिलच्या कापडाचे कटपीस आणायचे, अव्वाचे काठ त्याला लावून बघायचे, हे फिकट, हे भडक, असा तासन्‌तास घोळ घालायचे. मी नववीत असताना एके दिवशी त्यांनी कात्री खाली ठेवून मला म्हटलं, "पोरी, रंग तू बघ. तुझी नजर चांगली हाय." मला आकाश ठेंगणं झालं. त्या दिवसापासून कापड मी निवडायची, दोरा मी काढून द्यायची, काठ कुठला ते मी सांगायची. वर्गातल्या मुलींना मी सांगत सुटले की आमच्या घरी राजेलोकांचे कपडे बनतात आणि त्यांचे रंग माझ्यावर सोपवलेले आहेत. आज या वयात आप्पांचं ते वाक्य आठवलं की मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. वडिलांनी दिलेला तो सगळ्यात मोठा मान होता, आणि ती त्यांची लपवाछपवीही होती.

पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. मी शाळेत असताना डाळिंबी रंगाच्या अंगरख्याला त्यांनी हिरव्या दोऱ्याने तुरपाई केली होती. मी चिडवलं, तर म्हणाले, मुद्दामच केलं, उठून दिसतं. मग उन्हाळ्यात अव्वाने मिरच्या वाळत घातल्या. त्यात काही हिरव्या राहून गेल्या होत्या, त्या वेचून काढायला तिने आप्पांना बसवलं. अर्ध्या तासाने ते उठले तेव्हा वेचलेल्या ढिगात निम्म्या लाल होत्या. अव्वा वैतागून म्हणाली, लक्ष कुठं असतं तुमचं. मी मात्र त्या ढिगाकडे बघत राहिले. एक-दोन लाल मिरच्या चुकून जाणं मी समजू शकले असते.

त्यानंतरच्या रविवारी अव्वाने मला आप्पांच्या झेंड्या धुवायला दिल्या. गार्डकडे दोन झेंड्या असतात, एक लाल आणि एक हिरवी. हिरवी दाखवली की गाडी निघते, लाल दाखवली की थांबते. धूळ आणि कोळशाने त्या काळवंडायच्या, म्हणून दर पंधरा दिवसांनी आम्ही त्या काठीवरून काढून धुवायचो. हिरवी झेंडी पिळताना माझ्या बोटाला काही तरी टोचल्यासारखं झालं. कोपऱ्यात, काठीच्या बाजूला, तीन टाके होते. जाड दोऱ्याचे, वर गाठ. लाल झेंडीवर तसं काही नव्हतं. ती गाठ मी ओळखत होते. दोरा दोनदा फिरवून ओढून घ्यायची अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारायचा. मी न्हाणीघरात ओली झेंडी हातात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. अव्वा बाहेरून कन्नडमध्ये कपडे मोजत होती, ओंदु, येरडु, मूरु, आणि मला तिला हाक मारावीशी वाटत होती. पण तिला काय सांगायचं? आप्पांना रंग कळत नाहीत, हे त्यांना स्वतःला ठाऊक आहे, आणि तरीही ते रोज गाडीवर जातात?

दोन दिवस गेले. जेवणात लक्ष नव्हतं. यार्डातला आवाज, जो मला जन्मात कधी ऐकू आला नव्हता, तो प्रत्येक वेळी ऐकू यायला लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा यंत्रावर बसले होते. त्यांना संध्याकाळच्या गाडीवर जायचं होतं. अव्वा पाणी भरायला नळावर गेली होती. मी दोऱ्याची दोन रिळं त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "आप्पा, ह्यातलं हिरवं कुठलं?"

त्यांनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं. रिळांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "अव्वाला बोललीस?"

मी नकारार्थी मान हलवली. ते सांगायला लागले, हळू आवाजात, जणू मी कुणी मोठी अधिकारी आहे. गेले चार-सहा महिने असं होतंय. आधी वाटलं उजेड कमी आहे. लाल आणि हिरवा दोन्ही मातीसारखे दिसतात. पण पुढचे सिग्नल ड्रायव्हर बघतो, मी तर शेवटच्या डब्यात. झेंडी हाताला कळते. हातबत्तीचा रंग बदलायला खटका किती फिरवायचा ते डोळे मिटून जमतं. डोळ्यांच्या पुढच्या तपासणीपर्यंत नजर सुधारेलही. हे सगळं त्यांनी इतकं व्यवस्थित मांडलं, की ते स्वतःला कितीदा सांगून झालं असेल याचा मला अंदाज आला.

मी एकच विचारलं. "आणि तुमाला कुणी लाल दाखवला तर?"

मला वाद घालायचा नव्हता. मला खरंच उत्तर हवं होतं. त्यांच्याकडे असेल असं वाटत होतं, कारण रेल्वेबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे असायचं.  शिवत होते तो शेला त्यांनी यंत्राच्या पायाखालून काढला, घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

तेवढ्यात दारात नबीचाचा आले. गार्ड-ड्रायव्हरांना ड्यूटीचं बोलावणं घेऊन घरोघर फिरायचं हे त्यांचं काम. काखेत वही, कानावर पेन्सिल. आप्पांनी वहीत सही केली की ते संध्याकाळच्या गाडीला बांधले जायचे. नबीचाचांनी नेहमीप्रमाणे वही उघडून पुढे धरली. आप्पा पेन्सिल हातात घेऊन उभे राहिले. अव्वा दोन घागरी घेऊन परत आली ती त्यांच्या मागे थांबली. आप्पांनी पेन्सिल परत दिली आणि म्हणाले, "न्हाई चाचा. लिवा, गार्ड आजारी हाय."

"क्या हुआ गार्डसाब? सुबह कू तो अच्छे थे," नबीचाचा म्हणाले.

"डोळ्यानं आजारी हाय," आप्पा म्हणाले. "मला लाल-हिरवं कळंना झालंय."

अव्वाने घागरी खाली ठेवल्या. नबीचाचांनी पेन्सिल जिभेला लावून तसं लिहिलं, वही मिटली आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या दारी जाताना त्यांनी एकदा वळून आमच्या क्वार्टरकडे पाहिलं.

अव्वा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. तिला राग आप्पांपेक्षा माझा आला होता, कारण मी तिला आधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आप्पांबरोबर रेल्वेच्या दवाखान्यात गेली आणि जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून घेऊन गेली. कुणी सांगितलं नव्हतं. तिला आपलं वाटलं की घ्यावीत. डॉक्टरांनी ती टेबलावर मांडली आणि त्यातली एक बाजूला काढली. क्वचित कुणाच्या डोळ्यांच्या शिरेवर त्या गोळीचा परिणाम होतो, असं ते म्हणाले. गोळी ताबडतोब बंद झाली, दुसरी सुरू झाली. आणखी काही महिने गेले असते तर नजरच गेली असती, असंही त्यांनी सांगितलं. हे ऐकून आल्यावर अव्वाने हुग्गी केली, गव्हाची खीर, भरपूर गूळ घालून, आणि पहिली वाटी माझ्यापुढे आणून आदळली. तिची माफी मागायची आणि द्यायची हीच पद्धत होती.

आप्पा पुन्हा गाडीवर गेले नाहीत. मोठ्या तपासणीनंतर त्यांना पार्सल ऑफिसात बसवलं. पगार उतरला, पांढरा ड्रिलचा गणवेश गेला. दिवसभर ते केळ्यांच्या टोपल्या आणि चादरींच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या डकवायचे. लोक काय काय बोलायचे. एकाने तर माझ्यासमोरच म्हटलं, की तोंड बंद ठेवलं असतं तर निभावलं असतं. घरी येताना आप्पा मला म्हणाले, "तू इचारलंस ते बरं केलंस. मला ते कुणी तरी इचारायला पायजे हुतं." माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रकांची एक फाईल आहे, शाळेत तीस वर्षं शिकवल्याची. त्या वाक्याइतकं वजन त्यातल्या कशालाच नाही.

पुण्याच्या फेऱ्या बंद झाल्या, तसा टीव्हीही सुटला. त्याचं त्यांना नोकरीइतकंच वाईट वाटलं असावं. कदममामा अधूनमधून पोस्टकार्ड टाकायचे. त्यात अमुक नाटक झालं, सेनापतीला या वेळी बटणं नव्हती, बंद होते, असं सविस्तर लिहिलेलं असायचं. ते कार्ड मी मोठ्याने वाचायची आणि आप्पा डोळे मिटून ऐकायचे. नजर हळूहळू थोडी परतली. आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी ते म्हणाले, की अव्वाच्या कपाळावरचं कुंकू मातीपेक्षा जरा निराळं दिसतंय. बस, तेवढंच. त्यापुढे फारसं काही परतलं नाही.

त्या हिवाळ्यात रेल्वेतल्या हौशी मंडळींनी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये एक ऐतिहासिक नाटक करायचं ठरवलं. दरवर्षी ते कपडे भाड्याने आणायचे. त्या वर्षी नबीचाचांनीच कुणाला तरी सांगितलं, की पार्सल ऑफिसातल्या गार्डसाहेबांच्या ट्रंकेत अख्खा दरबार घडी घालून ठेवलाय. मंडळी आमच्या घरी आली. ट्रंक उघडली, एकेक अंगरखा, एकेक शेला, मंदील, तुमान बाहेर निघायला लागली, आणि आलेली माणसं हळूहळू जमिनीवर बसली. आप्पा दारात उभे होते, हात मागे बांधून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. दोन महिने आमच्या घरात माणसांची वर्दळ होती. कुणाच्या पोटाला अंगरखा पुरेना, कुणाची मान पगडीत बुडायची. आप्पा तोंडात टाचण्या धरून माणसांभोवती गुडघ्यांवर फिरायचे. अव्वा सगळ्यांना चहा द्यायची आणि प्रत्येकाला बजावायची, की कपड्यावर सांडाल तर याद राखा.

नाटकाच्या संध्याकाळी आम्ही तिघं पाचव्या रांगेत बसलो होतो. पडदा वर गेला, दिवे लागले, आणि आप्पांनी शिवलेल्या कपड्यांतली माणसं चालायला-बोलायला लागली. हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली, मग शांत झालं. थोड्या वेळाने आप्पा माझ्या कानाशी वाकले. कापड कसं पडतंय, चुण्या बरोबर बसल्यात, बंद जागच्या जागी आहेत, हे त्यांना सगळं दिसत होतं. "रंग कसे दिसत्यात?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले. महाराजांचा अंगरखा डाळिंबी, काठ हळदी. प्रधानांचा मोरपंखी, त्यावर पांढरा शेला. पहारेकऱ्यांच्या पगड्या गेरूच्या रंगाच्या. नवा माणूस रंगमंचावर आला की मी सांगायची आणि आप्पा हुंकार द्यायचे. मग पलीकडून अव्वाही सांगायला लागली, मी विसरले तिथे, हिरव्याला हसिरु, तांबड्याला केंपु, तिच्या भाषेत. आमची कुजबुज वाढली असणार, कारण मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी पुढे वाकून सांगितलं, की बाई, घरी जाऊन बोला.

अव्वा वळली. डोळ्यांची गोष्ट ती इतके महिने कुणापाशी काढत नव्हती, माहेरीसुद्धा तिने सांगितलेली नव्हती. ती त्या गृहस्थांना म्हणाली, "ह्यांना रंग दिसत न्हाईत. ही सगळी कापडं ह्यांनीच शिवल्यात. म्हणून आमी सांगतोय."

 प्रवेश संपला, दुसरा सुरू झाला. राणीची दासी तबक घेऊन आत आली. मी महाराजांकडे बघत होते, त्यामुळे ती माझ्या नजरेतून सुटली. तेव्हा आप्पांच्या खांद्याशी मागून एक खाकरल्यासारखा आवाज आला आणि ते गृहस्थ अगदी हळू म्हणाले, "त्या बाईचा शेला अबोली आहे, बरं का."

आप्पांनी मान वळवून त्यांना हात जोडले. शेला खरं तर गुलाबी होता. मी स्वतः निवडलेला. मी अव्वाकडे पाहिलं, अव्वाने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी तो अबोलीच राहू दिला.